माझे एकतीस दात

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. दरवर्षीप्रमाणे ओट्यावर बसून ऊस दातांनी सोलला. समोरच्या औषध दुकानातला चंद्रभान, वय जेमतेम पस्तीस, विळीवर करवे करून खात होता. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "अडुसष्टाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस आहेत माझे." तो म्हणाला, "मॅडम, तुमचं काय, तुमी टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातल्या." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते कळलं नाही. दोन्ही घेतले.

बत्तीस दात नशिबानं राहत नाहीत. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नडेट दर सोमवारी आम्हाला रांगेत उभं करून नखं आणि दात तपासायच्या. घासताना मनगट दुखलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. मी आजही कडक ब्रश वापरते आणि दीड महिन्यात त्याचे केस फिसकटून टाकते. माझी सून वापरते तसल्या लोण्यासारख्या ब्रशनं मी चपलासुद्धा पुसणार नाही.

उसाच्या चोथ्यावर गुलाबी डाग दिसला. यंदाचा ऊसच निब्बर आहे.

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या बायनाबाईंनी आज पुन्हा मिसरी केली. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा बोटानं हिरड्यांना चोळत बसायचं. आमची भिंत एक. तिखट धुराचा खाट सगळा माझ्या स्वयंपाकघरात. अर्धा तास ठसकत होते. शेवटी बाहेर जाऊन बोलले.

"बायनाबाई, हे विष आहे. किती वर्षं सांगते आहे मी?"

"सांगा की बाई. तुमी सांगोस्तोर माझं लावून व्हतंय."

"दात बघा काळे ठिक्कर पडलेत."

"काळे हायेत, पन जाग्यावर हायेत. चाळीस वर्सात रगताचा थेंब न्हाई."

बाई पालमकडच्या शेतकरी घरातल्या. मुलगा बालाजी इथे सेलूत कापसाच्या जिनिंगला लागला म्हणून आठ वर्षांपूर्वी आल्या. मनानं चांगल्या, हे मी कबूल करते. माझा चष्मा सापडत नाही तेव्हा त्यांनाच सापडतो. पण शिकवायला गेलं की दगड.

२७ जानेवारी, सोमवार

तीन दिवस सकाळी बेसिनमध्ये लाल उमटतं आहे. खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडी फुगली आहे, रंगही जांभळट. टूथपेस्टमधलं काहीतरी बदललं असणार. कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं, 'डिअर सर'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत कुठे खाडाखोड नाही. तेवढा भाग घासणं बंद केलं. पाय मुरगळला तर आपण त्याच्यावर नाचत नाही. विश्रांती मिळाली की बरं वाटेल.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगा शिवकांत, सून प्रियांका आणि नात माही पुण्याहून दोन दिवसांसाठी येऊन गेली. माही पाच वर्षांची. कानात गोष्ट सांगायला जवळ घेतलं, तर तिनं मान फिरवून नाकावर हात ठेवला. हे वळण कुठून आलं ते मला कळतं. प्रियांकाला समजत असावं, कारण जेवण झाल्यावर ती दोनदा म्हणाली, "वेलची घ्या ना आई." लाघवीपणानं चूक झाकता येत नाही.

निघताना शिवकांतनं विचारलं, "आई, दाताच्या डॉक्टरकडे शेवटची कधी गेली होतीस?"

"कधीच नाही," मी सांगितलं. "जायची वेळच आली नाही."

तो बायकोकडे बघत राहिला. अशा आईचा अभिमान वाटावा, हे पोराला सुचत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे लिहू नये असं वाटतं. पण ही वही मी स्वतःशी खोटं बोलायला ठेवलेली नाही.

सकाळी जास्वंदीच्या आळ्यात चूळ टाकत होते. ती लाल होती. बायनाबाई भिंतीपलीकडून बघत होत्या.

"बाई, रगत हाय."

"थोडंसं आहे."

"थोडं न्हाई, लय हाय. किती दिसापासून हाय?"

मी तांब्यातलं पाणी आळ्यात ओतलं. त्यांनी डबी भिंतीवर ठेवली. "येक बोट लावून बगा. माझ्या मायला असंच व्हायचं, मिसरीनं थांबलं. मी कुनाला सांगनार न्हाई."

अर्धा तास डबी भिंतीवरच होती. मग मी घेतली. तोंड कडू झालं, डोकं असं गरगरलं की खांब धरून उभी राहिले. बायनाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर नक्की हसले असते.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

रक्त पूर्ण थांबलं. दहा दिवसांत एक थेंब नाही. डॉक्टर नाही, गोळी नाही, आपलं दुखणं आपण बरं केलं. अर्थात हे औषध म्हणून आहे. सवय लागते ती अडाणी माणसांना. सकाळ-संध्याकाळ घेते. कधी दुपारीही. सकाळची राहिली तर डोकं धरतं, पण ते बदलत्या हवेनं.

उपवासाला मिसरी चालते का, असं बायनाबाईंनी विचारलं. मी म्हणाले, जे गिळत नाही ते अन्न नव्हे.

"म्हंजे तुमी पन लावनार?"

"मी शास्त्र सांगते आहे."

"व्हय व्हय. शास्तर."

११ मार्च, मंगळवार

दुपारी भाकरीचा पापुद्रा तोडताना खालचा पुढचा एक दात हलला. आधी वाटलं भास असेल. मग जिभेनं ढकलून बघितला. पुढे जातो, मागे येतो. सैल खुंटी असते तसा. आरशात बघितलं तर तो शेजारच्यापेक्षा लांब दिसतो. म्हणजे हिरडी खाली गेली. रक्त नाही, दुखत नाही. मग हलतो का?

एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं हेडफोन घालून मी नंबर ऐकले आणि सांगितले. माणसाला माझा चेहरा माहीत नसला तरी आवाज माहीत होता. दर बसवजयंतीला मठात वचनांचं वाचन माझंच असतं, कारण सेलूत माझ्यासारखे स्वच्छ उच्चार कुणाचे नाहीत. पुढचा दात गेला तर त्यात काय उरेल?

बायनाबाईंची दाढ सुजली आहे. त्यांना उद्या दाताच्या दवाखान्यात नेते. त्यांच्यासाठी जायला हवंच.

१२ मार्च, बुधवार

स्टेशन रोडला बियाण्याच्या दुकानावर नवा दवाखाना आहे. डॉक्टर संघप्रिया. बघितल्याबरोबर ओळखलं, एक्स्चेंजच्या लाइनमन जीवनची मुलगी. शाळा सुटली की बाप खांबावरून उतरेपर्यंत ती आमच्या बाकावर बसायची.

"मॅडम, तुमची पेन्सिल मी चावली होती," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, खोट्या कॉलची लाइन मी पहिली कापते. मग खरं सांगितलं तर अख्खी पेन्सिल मला देऊन टाकलीत."

मला आठवत नव्हतं. पण मी असं वागले असेन, हे पटलं.

बायनाबाईंची तपासणी चालू असताना मी त्यांच्या मिसरीबद्दल बोलत होते. सविस्तर बोलत होते. डॉक्टर ऐकता ऐकता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मॅडम, आता तुम्ही बसा."

"मी सोबत आले आहे."

"पाच मिनिटं."

बारीक खुणा असलेली सळई ती दात आणि हिरडीच्या मध्ये घालते आणि आकडा बोलते. तिची मदतनीस लिहून घेते. फट किती मिलिमीटर खोल आहे त्याचा तो आकडा. तीनपर्यंत ठीक. माझ्या खालच्या पुढच्या दातांचे, दाताला तीन-तीन आकडे: सहा, सात, सहा. सात, आठ, सात. पाच, सहा, सहा. सव्वीस वर्षांची सवय, एकदा ऐकलेला नंबर मी विसरत नाही. घरी येऊन उभ्यानंच लिहिले, म्हणून एक सात नऊसारखा दिसतो आहे. तो सात आहे.

तिनं एक्स-रे उजेडात धरला. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दिसतं, ते जिथं असायला हवं तिथं नव्हतं. "दातांवर कीट साचून दगड होतो," ती म्हणाली. "तो हिरडीच्या आत उतरतो. हिरडी सुजते, सुटते, मग हाड झिजतं. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. तोंडाला वास येणं, हिरडी लाल होणं, रक्त येणं, एवढ्याच खुणा."

वास. माहीनं नाकावर ठेवलेला हात डोळ्यांपुढे आला. मी तो विचार बाजूला ठेवला.

"पण एक जुळत नाही," डॉक्टर म्हणाली. "एवढ्या खोल फटी आणि सळई घातल्यावर रक्त जवळपास नाही. असं तंबाखूवाल्यांचं असतं. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त थांबतं, आजार आत चालूच राहतो. तुम्ही काही लावता?"

"छे."

"थोडा वास आला म्हणून विचारलं."

कोपऱ्यातल्या बाकावरून बायनाबाई म्हणाल्या, "माझा हाय डॉक्टरीनबाई त्यो वास. रिक्षात मी त्यांच्या अंगाला लागून बसले न्हवं? त्यांना मिसरीचं नावबी खपत न्हाई. मलाच किती बोलत्यात."

डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कदाचित 'तंबाखू नाही' असं लिहिलं असेल. माझ्यासमोर, माझ्या नावाखाली.

परत येताना रिक्षात मी रस्त्याकडे बघत बसले. बायनाबाई सुजल्या गालाला पदर लावून. घरापाशी उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दुपारची ऱ्हायली असंल तुमची. डबी भितीवर ठिवते."

१५ मार्च, शनिवार

होळी-धुळवड गेली. दोन दिवस पुरणपोळी पुढचे दात टाळून खाल्ली आणि विचार केला. चाळीस वर्षं मी लोकांना शहाणपण शिकवते. त्या बाईनं चारचौघांत माझा कलंक आपल्या अंगावर घेतला, आणि तोही अर्ध्या तासापूर्वी मी तिची अब्रू काढली असताना.

आज एकटी गेले. आत दोन पेशंट होते. ते जाईपर्यंत थांबले नाही. थांबले असते तर परत आले असते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "पेन्सिल मी चावली आहे."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिनं खुर्ची पुढे ओढून दिली. "किती दिवस?"

"चार आठवडे. दिवसातून तीनदा."

"चार आठवड्यांनी हाड जात नाही. हाड आधीपासून जात होतं. ते रक्त तुम्हाला सांगत होतं, आणि तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत."

मला असं बोललेलं आवडत नाही. पण वाक्य अचूक होतं आणि अचूक वाक्याला मी मान देते.

कडक ब्रशही चूक निघाला. त्यानं हिरडी सोलवटते आणि मुळाशी कीट तशीच राहते. जिथं रक्त येतं तिथंच जास्त जपून, मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेशी तिरपा धरून घासायचं असतं. आणि मी नेमका तोच भाग महिनाभर सोडला. सिस्टर बर्नडेट, तुम्ही चुकलात. हे वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

चार बैठकांत, बधिर करून, मुळापर्यंत खरवडायचं ठरलं. एक दात वाचणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. आठचा आकडा होता तोच. बाकीचे वाचतील, पण मिसरी बंद केली तर. मग रक्तातली साखरही तपासायला सांगितली.

परत येऊन बायनाबाईंना सांगितलं, की मी डॉक्टरला खरं सांगून आले.

"कशापायी? मी बोलले व्हते की."

"म्हणूनच."

त्यांनी हातातली डबी बंद केली. मग म्हणाल्या, "तुमी लय येडपट हाव बाई." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझ्या आईचा होता.

२४ मार्च, सोमवार

पहिल्या दोन बैठका झाल्या. मिसरी बंद करून नऊ दिवस. रक्त परत आलं. डॉक्टरनं येईल म्हणून सांगितलं होतं, तरी मोरीत ते बघितल्यावर तशीच घरात आले. फोन केला. "येऊ द्या," ती म्हणाली. "घासत राहा. पंधरा दिवसांत कमी होईल, आणि या वेळी खरोखरच कमी होईल."

डोकं मात्र फुटायची वेळ आली. चंद्रभानवर ओरडले, दूधवाल्यावर ओरडले, पंख्यावर ओरडले. फक्त चार आठवड्यांच्या सवयीनं. बायनाबाईंची चाळीस वर्षांची आहे, आणि मी त्यांना उठता-बसता 'सोडा' म्हणत होते. जसं काही चप्पल सोडायची आहे.

बायनाबाई खरवडून घ्यायला घाबरतात. "मशीन लावलं की दात हालायला लागत्यात म्हनं." मी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, "पडक्या भिंतीला मुंग्यांचं वारूळ टेकलेलं असतं. वारूळ काढलं की भिंत हलते असं वाटतं. भिंत आधीच पोखरलेली असते." हे बायनाबाईंना शब्दशः सांगितलं. त्यांना पटलं. वारूळ त्यांनी बघितलं आहे.

३० मार्च, रविवार, पाडवा

कडुलिंबाची पानं आणि गूळ. गूळ नावापुरता, कारण साखरेचा अहवाल आला. बरीच वर आहे. लॅबवाल्याशी भांडले, त्यानं दुसऱ्यांदा तपासलं, तेवढीच आली. साखर वर असली की हिरड्या भरत नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर उतरत नाही. दोन्ही एकमेकींना धरून असतात. गोळी सुरू केली.

दात काल काढला. कागदात गुंडाळून दिला. सुपारीएवढाही नाही. याच्या जोरावर मी इतकी वर्षं बोलत होते.

३० एप्रिल, बुधवार, बसवजयंती

मठात वीरुपाक्षअप्पा म्हणाले, "ताई, यंदा नको तर राहू द्या, दुसऱ्या कुणाला सांगू." त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हणाले, "मी मेले आहे का?"

वाचलं. 'स' म्हटलं की फटीतून शिट्टी वाजते. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मी थांबले, त्यांना फट नीट दिसेल असं तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाले, "हिरडीचा आजार. रक्त येतं, दुखत नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. वर तंबाखू लावली. तुमच्या आयांना सांगा." मग पुढचं वाचलं, शेवटपर्यंत, शिट्टीसकट.

नंतर सहा बायका माझ्याकडे आल्या. सगळ्यांनी हळू आवाजात एकच विचारलं, रक्त येतं तर कुठे दाखवायचं, आणि तेही पदरानं तोंड झाकून. सहाही जणींना दवाखान्याचा पत्ता दिला. कार्यक्रमाच्या अध्यक्षांच्या भाषणानंतर त्यांच्याकडे कुणीही आलं नव्हतं, हे फक्त नोंद म्हणून लिहिते.

८ जुलै, मंगळवार

आज तपासणी. माझ्याबरोबर बायनाबाईही. त्यांची एक दाढ मागेच काढली, बाकीचे दात खरवडून झाले. मदतनीस रजेवर होती. डॉक्टर म्हणाली, "आकडे कोण लिहून घेणार?"

मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली आणि पॅड माझ्या हातात दिलं.

आधी माझे. ती बोलत होती, मी तोंड उघडं ठेवून पॅडकडे न बघता लिहीत होते. मार्चमध्ये सहा, सात, सहा होतं तिथं: तीन, चार, तीन. पाच, सहा, सहा होतं तिथं: तीन, तीन, तीन. एका दाढेमागे पाच राहिला आहे. तिथं लक्ष ठेवायचं. रक्त दोनच ठिकाणी. हाड परत येत नाही, पण जे आहे ते टिकलं. माझे एकतीस दात माझे राहिले.

मग बायनाबाई खुर्चीत. डॉक्टर आकडा बोले, मी तो परत बोलून लिही, एक्स्चेंजमध्ये लिहीत असे तसा. चार. चार. पाच. चार. तीन. सगळं झाल्यावर डॉक्टरनं विचारलं, "मावशी, मिसरी?"

बायनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. सकाळी त्यांचं बोट काळं होतं, ते मी बघितलं होतं. मार्चमध्ये याच खोलीत त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या. आता त्या वाट बघत होत्या, की मी काय बोलते. मी लेखणी कागदावर टेकवून थांबले.

त्यांनी एक बोट वर केलं. तेच काळं बोट.

"दिसातून येकदा," त्या म्हणाल्या. "आदी चार डाव व्हतं. येक सुटंना झालंय बगा."

"एक," मी परत बोलले आणि लिहिलं. स्वच्छ, ठळक, कुणीही नऊ वाचू नये असं.

चाळीस वर्षांत चाराचं एक. घरी येताना रिक्षावाल्याला सांगितलं, मग चंद्रभानला सांगितलं, मग शिवकांतला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुझे आकडे सांग ना." मी म्हणाले, माझे नंतर, आधी त्यांचे ऐक.